किल्लीवाल्याच्या दुरुस्त्या

१

जिराफाच्या मानेत मणके किती? सात. माणसाच्या मानेत असतात तेवढेच. मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन, पण कार्डावर बरोबरची खूण करायच्या आधी दोन पुस्तकं उघडून बघणार म्हणजे बघणारच. दुसऱ्या पुस्तकाने पहिल्यातून उचललेलं नाही ना, तेही बघणार. लोक मला किरकिरी म्हणतात. म्हणू देत. टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत पडताळणीचं काम करायला किरकिरंच माणूस लागतं. सूत्रसंचालक हसत हसत "बरोबर उत्तर" म्हणतो ना, त्या दोन शब्दांखाली माझी सही असते. एकोणीस वर्षांत त्या सहीखालून एकही चूक सुटलेली नाही.

आमच्याकडे प्रश्न अजून कागदी कार्डांवरच लिहितात. कॉम्प्युटरमधून प्रश्न एकदा फुटले होते, तेव्हापासून कानाला खडा. कार्डं कपाटात, कपाटाला कुलूप. शिवाय दर मोसमात प्रत्येक पडताळणीवाल्याने एक खोटं कार्ड बनवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. माणूस बनावट, पराक्रम बनावट, पण वाचणाऱ्याला खरा वाटला पाहिजे. हे कार्ड कधीच कार्यक्रमात विचारत नाहीत. ते बाकीच्या कार्डांत मिसळून ठेवायचं आणि वाट बघायची. दुसऱ्या वाहिनीवर तोच प्रश्न आला की समजायचं, आपल्या कपाटाला कोणीतरी हात घातलाय. कार्ड खोटं आहे हे फक्त दोघांना माहीत असतं, ते बनवणाऱ्याला आणि कोशकाकांना. कोशकाका म्हणजे आमचे सगळ्यात जुने प्रश्नलेखक. डोक्यात अख्खा ज्ञानकोश, म्हणून हे नाव पडलं.

माझ्या खोट्या कार्डावरच्या माणसाला आम्ही दोघं आपसात किल्लीवाला म्हणायचो. शहरातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला त्याने सलग एकतीस वर्षं, एकही दिवस न चुकता किल्ली दिली, हा त्याचा पराक्रम. खाली मी चार-पाच ओळी लिहिल्या होत्या. जन्म चार मार्च. उजव्या हाताने किल्ली देऊन देऊन त्याचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला होता. अत्यंत अबोल. एकटा राहत असे. एके दिवशी नेहमीप्रमाणे किल्ली द्यायला वर गेला, तो खाली आलाच नाही. ही शेवटची ओळ लिहून मी स्वतःवरच खूश झाले होते. दुपारच्या चहाच्या वेळात, दहा मिनिटांत बनवलेला माणूस.

घरी मी आणि दादा, दोघंच. आई-वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तो वीस. तो शिंपी आहे आणि डावखुरा आहे. डावखुऱ्याची कात्री वेगळी असते, पाती उलटी बसवलेली. ती त्याने मुद्दाम घडवून घेतली आणि तिच्या जोरावर मला शिकवलं. लग्नाचं विचारलं की आधी म्हणायचा, "हिचं शिक्षण होऊ दे," आणि नंतर म्हणायला लागला, "आता मला कोण पसंत करतंय." बोलायला लागला की थांबत नाही. संध्याकाळी आमचा कार्यक्रम लागला की हा समोर बसून ठासून चुकीची उत्तरं देतो. जिराफाच्या वेळी म्हणाला होता, "सात? एवढ्या मानेला? तुमच्या पुस्तकांनी जिराफ बघितलाय का कधी?" मला त्याच्याशी वाद घालायला आवडतं. खरं सांगायचं तर दिवसभरातलं तेवढंच आवडतं.

२

अकरा ते बारा प्रेक्षकांचे फोन घ्यायचे, हेही माझंच काम. रोज दहा-बारा येतात. अमुक नदीची लांबी चुकली, तमुक राजाचं साल चुकलं. नव्वद टक्के वेळा त्यांचंच चुकलेलं असतं आणि ते पटवून देताना माझा दिवस छान जातो.

त्या दिवशीचा आवाज सपाट होता. शब्दांमध्ये जिथे थांबायचं तिथे न थांबता भलतीकडेच थांबणारा.

"नमस्कार. आपल्या एका कार्डावर चूक आहे."

"कुठल्या भागातला प्रश्न?" मी पेन उघडलं.

"भाग नाही. कार्ड. जन्मतारीख चार मार्च नाही. सव्वीस ऑगस्ट."

"कोणाची?"

त्याने नाव सांगितलं. मी चहा पिता पिता बनवलेलं नाव, आडनावासकट.

मला वाटलं कोशकाका खेचतायत. मान वळवून बघितलं तर ते समोरच्या टेबलावर दोन्ही हातांनी डबा उघडत होते. मग कार्ड फुटलं असणार. पण चोर कधी फोन करून चूक दुरुस्त करायला सांगतो का? मी म्हणाले, "बघून कळवते," आणि फोन ठेवला. इथे कोणाही शहाण्या माणसाने विषय सोडून दिला असता. पण हाताला सवय पडलेली. मी उठले आणि संदर्भाच्या कपाटातून जुनं वार्षिकज्ञान, म्हणजे दरवर्षी निघणारं माहितीचं पुस्तक, काढलं.

तो त्यात होता. पान दोनशे बारा, उजवीकडे खाली, आठ ओळी. मनोरा, घड्याळ, एकतीस वर्षं. जन्म सव्वीस ऑगस्ट. आणि समासात शिसपेन्सिलीने केलेली माझी खूण. मी बरोबरची खूण करताना शेपूट वर नेऊन जरा आत वळवते, तशी माझ्याशिवाय कोणी करत नाही. खूण फिकी झाली होती, सहा-सात वर्षांपूर्वीची वाटावी इतकी. पुढे कात्रणांच्या फाइलमध्ये बघितलं, तिथे वर्तमानपत्राचं पिवळं कात्रण मिळालं. तारीख तीच. दोन साक्षी, एकमेकांतून न उचललेल्या.

मला आधी काय वाटलं असेल तर लाज वाटली. म्हणजे मी हे कधीतरी वाचलं, विसरले आणि स्वतःच्या डोक्यातून आलं असं समजून खोटं कार्ड म्हणून खपवलं. लिहिणाऱ्यांचं असं होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तोंडावर आपटले होते. सव्वीस ऑगस्ट हा दादाचाही वाढदिवस, हे लक्षात आलंच. पण तेवीस माणसं एका खोलीत जमली तर त्यातल्या दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, हा प्रश्न मीच पडताळला होता. योगायोगाला मी घाबरत नाही.

मी चार मार्च खोडलं, सव्वीस ऑगस्ट लिहिलं आणि शेजारी सही केली.

३

संध्याकाळी दादा दवाखान्याचा फॉर्म भरत होता. गुडघ्याचं जुनं दुखणं. मी भाजी चिरता चिरता सहज नजर टाकली. जन्मतारखेच्या चौकटीत त्याने लिहिलं होतं, चार मार्च.

"दादा, तारीख काय लिहिलीयस?"

"का? माझी लिहिलीय. तुझी लिहू?"

"तुझी सव्वीस ऑगस्ट."

"कोण म्हणतं?" तो हसला. "तुझ्या पुस्तकात छापलंय का? अगं, माझी तारीख मला माहीत नसणार?"

मी त्याचा शाळेचा दाखला काढला, ट्रंकेच्या तळातून. चार मार्च. शाई जुनी, शिक्का जुना. दरवर्षी ऑगस्टात मी त्याला शर्टाचं कापड आणते आणि "शिंप्याला कसलं कापड आणतेस" म्हणून बोलणी खाते. दाखला मी परत ट्रंकेत ठेवला. मनात पाल चुकचुकली होती, पण दाखला समोर होता आणि मी कागदाला मानणारी बाई. माझीच आठवण चुकत असेल. चाळिशी ओलांडली की चुकते म्हणतात. रात्रभर कूस बदलत राहिले.

दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा तोच.

"उजवा दंड नाही. मी डावखुरा."

"आपण कोण बोलताय?" मी विचारलं.

"चूक दाखवतो. तपासून घ्या." आज तो जरा बऱ्या जागी थांबत होता.

पान दोनशे बारा. डावा दंड. माझी खूण. कात्रणात फोटोही होता, काल नव्हता असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पाठमोरा माणूस, डावा हात वर चक्राच्या दांडीवर. मी कार्ड समोर घेऊन अर्धा तास बसले. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण दोन साक्षी समोर असताना चुकीचं कार्ड तसंच ठेवायचं, हे माझ्या हातून कधी झालेलं नाही. डावा दंड लिहिलं आणि सही केली.

घरी आले तर कटिंगच्या टेबलावर निळं कापड पडलेलं. कडा उंदराने कुरतडल्यासारखी. दादा कात्री उजव्या हातात घेऊन उभा होता.

"धारच गेली बघ," तो म्हणाला. "कापडाला चावतेय नुसती."

"डाव्या हातात घे."

"डाव्या हातात कशाला घेऊ? मी काय डावखुरा आहे?" तो बोटं चोळत कात्रीकडे बघत राहिला. उलट्या पात्यांची कात्री, त्यानेच घडवून घेतलेली. "ही असली कात्री आपल्याकडे आणली कोणी?"

मी त्याच्या हातातून कात्री घेतली, उद्या धार लावून आणते म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. ते आता माझ्या ध्यानात आलं होतं. जे मी किल्लीवाल्यासाठी मनाने बनवलं होतं आणि आता कार्डावरून खोडत होते, ते दादाच्या अंगावर येऊन बसत होतं. आणि दादाचं होतं ते तिकडे जात होतं. हे वेडेपणाचं आहे, हेही मला कळत होतं. दोन्ही एकदम कळत होतं आणि त्याने काहीच फरक पडत नव्हता.

४

तिसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा मी उचलला नाही. वाजू दिला. जिन्यात जाऊन उभी राहिले, बारा वाजेपर्यंत.

परत आले तर कोशकाका चष्मा पुसत हसत होते.

"अगं, तुझा तो फोनवाला. काय गप्पिष्ट माणूस आहे. अर्धा तास सोडलं नाही मला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मला अबोल लिहिलंय, शेजाऱ्यांना विचारा माझी बडबड. मी बघितलं, दोन्हीकडे आहे. दुरुस्ती करून टाकली. तू नव्हतीस म्हणून सही माझीच केली, चालेल ना?"

मी पर्स उचलली आणि निघाले. कोशकाका मागून काहीतरी विचारत होते.

दादा खिडकीशी बसला होता. मी आले तसं त्याने बघितलं आणि मान हलवली. टीव्ही बंद. मी त्याला काय झालं विचारलं, त्याने काही नाही अशा अर्थाने हात हलवला. चहा दिला, प्यायला. मी टीव्ही लावला. मुद्दाम जुनाच भाग, शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो, तो. ह्या प्रश्नावर त्याने मागे मला तासभर छळलं होतं. आज तो पडद्याकडे बघत बसला, हात मांडीवर ठेवून. मी म्हणाले, "दादा, भांड ना माझ्याशी." त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. उजवा हात. बोलला काही नाही.

मला रडू आवरेना. नऊ वर्षांची असताना आवाजच नव्हता त्या घरात, आई-वडील गेल्यानंतर. त्या शांततेला घाबरून दादा बोलायला लागला होता. सगळं बोलायचा, कापडाच्या भावापासून भुतांपर्यंत, मला झोप लागेपर्यंत. तेव्हापासून थांबलाच नव्हता. आणि मी एका सहीने, नाही, माझ्या पळपुटेपणाने ते घालवलं होतं.

५

चौथ्या दिवशी मी नऊलाच ऑफिसात गेले आणि कार्ड काढून त्याचे बारीक तुकडे केले. तुकडे बेसिनमध्ये भिजवले, त्यांचा लगदा झाला तो नळाखाली सोडून दिला. मग कोशकाकांची वाट बघत बसले.

"ते कार्ड खोटं आहे," ते येताच मी म्हणाले. "माझं खोटं कार्ड. तुम्हाला माहितीय. मी फाडलं."

त्यांनी माझ्याकडे काळजीने बघितलं. "खोटं कसं? दोन संदर्भ आहेत की त्याला. या मोसमात तू खोटं कार्ड दिलंच नाहीस, मी विचारणारच होतो." त्यांच्या हातात एक कोरं करकरीत कार्ड होतं. "काल तू निघून गेल्यावर मी नोंदवहीतून एक प्रत उतरवून घेतली. बाईंना फार आवडलाय प्रश्न. आज दुपारच्या चित्रीकरणात घेतायत, शेवटच्या फेरीला."

बाई म्हणजे आमच्या निर्मात्या. मी त्यांच्या खोलीत गेले. प्रश्न मागे घ्या म्हणाले. त्यांनी कारण विचारलं.

"संदर्भ कच्चे आहेत."

"तुझ्या खुणा आहेत पुस्तकात."

"त्या मी केलेल्या नाहीत."

"मग कोणी केल्या?" त्या शांतपणे म्हणाल्या. "बस जरा. पाणी घे. सुट्टी हवीय का तुला?"

काय सांगणार होते मी? साक्षी त्यांच्या बाजूने होत्या. एकोणीस वर्षं मी ह्याच नियमाने माणसांची तोंडं बंद केली होती, आता माझं बंद झालं.

जागेवर येऊन मी कोशकाकांचं कार्ड ओळ न् ओळ वाचलं. जन्म सव्वीस ऑगस्ट. डावखुरा. भरपूर बोलका. आता माझ्या दोनच ओळी उरल्या होत्या. एकटा राहत असे. आणि ती दुसरी, वर गेला तो खाली आलाच नाही.

अकराला फोन वाजला.

६

"काय गं," तो म्हणाला. "काल फोन घेतला नाहीस? रुसलीस?"

आवाज दादाचा नव्हता. पण हेल दादाचा होता, "रुसलीस" म्हणताना शेवटचं अक्षर ओढण्याची लकब दादाची होती. ती काल दुपारपासून ह्या फोनवाल्याच्या तोंडी आली होती.

"काय हवंय?" मी विचारलं.

"शेवटची ओळ बघ ना. वर गेलो तो खाली आलोच नाही म्हणे. आलो की. आजच उतरायचं म्हणतोय. कंटाळा आला वर."

मी पान दोनशे बारा उघडलं. शेवटची ओळ होती, 'निवृत्तीनंतर खाली येऊन शहरात दीर्घकाळ राहिला.' पेन्सिलीची खूण होतीच. कात्रण बघायला मी उठले नाही. खाली आलाच नाही, हे मग दादाच्या वाट्याला येणार होतं. आज दुपारपर्यंत. त्याला आज गुडघा तपासून घ्यायला जायचं होतं, दवाखाना तिसऱ्या मजल्यावर.

"हे काय विचारात पडलीस?" तो म्हणाला. "दोन साक्षी आहेत. तू नाही केलीस तर काका करतील. चांगला माणूस आहे."

कोशकाका समोरून माझ्याकडे बघत होते, पेन हातात घेऊन. मी फोनवर हात ठेवला. माझं डोकं त्या वेळी इतकं स्वच्छ चाललं की मलाच आश्चर्य वाटलं. मला एकच काम येतं, चुका काढायचं. मी तेच केलं.

"आणखी एक चूक आहे कार्डावर," मी म्हणाले.

"कुठली?"

"एकटा राहत असे. ते चूक आहे."

तो बोलला तेव्हा पहिल्या दिवसासारखा, भलत्या जागी थांबत. "मला. कोणी नव्हतं."

"होतं. धाकटी बहीण होती."

"पुस्तकात नाही."

"मग पुस्तकाबाहेरच्या दोन साक्षी चालतील. एक मी. दुसरे तुम्ही, हो म्हणालात तर." मी कार्ड पुढे ओढलं. "पण आधीच्या तिन्ही दुरुस्त्या मी मागे घेणार. तारीख, हात, बोलणं. शेवटची ओळ आहे तशीच राहणार, तुम्ही वरच थांबायचं. तेवढं मान्य असेल तर बहीण लिहिते."

फोनमध्ये काहीतरी फिरत होतं. चक्राचे दात दातात बसतायत असा संथ आवाज, दर वेळी जरा अडकणारा.

"ती वर येईल?"

"येईल."

"रोज?"

मला 'एकटा राहत असे' ही ओळ कार्डावरून कुठे जाणार ते माहीत होतं. त्या घराची शांतता मला माहीत होती. पण एकट्या माणसाचा गुडघा दुखतो, तो टीव्हीशी भांडतो, कापड कापतो. तो असतो.

"राहायलाच येईल," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

मी चार मार्च लिहिलं, उजवा हात लिहिलं, अबोल लिहिलं. 'एकटा राहत असे' खोडून तिथे 'धाकट्या बहिणीसह राहत असे' लिहिलं आणि सही केली. कोशकाकांनी कार्ड हातात घेतलं, वाचलं, कपाटातलं वार्षिकज्ञान उघडून पडताळलं आणि खाली आपली सही ठोकली. "बरोबर आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून अदबीने विचारलं, "आपलं काही काम होतं का बाई?"

७

घरच्या दाराशी मी बराच वेळ उभी राहिले. आतून त्याचा आवाज येत होता. टीव्हीला झापत होता.

बेल वाजवल्यावर दार त्यानेच उघडलं. डाव्या हातात कात्री, गळ्यात टेप.

"या ताई. शिवायला टाकायचंय?"

"हो," मी म्हणाले. "म्हणजे उद्या आणते कापड. आधी विचारून जावं म्हटलं."

"विचारा की. आत या, उन्हातून आलात." त्याने स्टुलावरचं निळं कापड उचललं. कडा सरळ, स्वच्छ कापलेली. माझी खोली जिथे होती तिथे तागे रचलेले होते, भिंतीला लागून, वर धूळ. मी पाणी प्यायले. टीव्हीवर दुपारी परत दाखवतात तो जुना भाग होता, सूत्रसंचालक विचारत होता, ऑक्टोपसला हृदयं किती?

"एकच," दादा म्हणाला. "हा काय प्रश्न झाला?"

"तीन," माझ्या तोंडून गेलं.

"तीन?" तो माझ्याकडे वळला. इतका खूश झाला की बस. "तिघांनी मिळून करतात काय? एकाचं दुखलं की दुसऱ्याला सांगतात? बरं झालं तुम्ही बोललात. मी इथे एकटाच ह्या माणसाशी भांडत असतो, पलीकडून कधी उलट उत्तर येत नाही."

"पहिल्यापासून एकटेच?"

"पहिल्यापासून." तो जरा थांबला, कात्री खाली ठेवली आणि माझी बाही चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात नेली. "ही बाही कोणी लावलीय?"

मी दुसऱ्या हाताने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"हात चांगला आहे," तो म्हणाला. "चुणी बघा कुठे नाही. त्यालाच द्या ना, माझ्याकडे कशाला येताय?"

"तो आता शिवत नाही," मी म्हणाले. उंबऱ्याशी मी त्याला गुडघ्याला तेल लावत जा म्हणून सांगितलं. हिला कसं कळलं, असा चेहरा करून तो हसला आणि आत जाऊन परत टीव्हीशी बोलायला लागला. दार लोटलं गेलं तरी जिन्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होता.

८

मनोरा बस डेपोच्या मागे आहे. वीस वर्षं त्या रस्त्याने जाते, कधी मान वर केली नव्हती, किंवा केली असेल आणि काही नसेल. खालचं दार उघडंच होतं.

वरची खोली लहान आहे. एक पलंग होता, आता दोन आहेत. एक खिडकी, तिची काच आतून पांढरी रंगवलेली. मधे ते यंत्र, माणसापेक्षा उंच, तेलाच्या वासाचं. किल्लीवाला त्याच्याकडे तोंड करून उभा असतो. मी त्याचा चेहरा बघितलेला नाही. मी आले त्या दिवशी त्याने मान अर्धवट वळवली होती, तेव्हा गालाच्या जागी मला जे दिसलं त्यात अजून काही भरलेलं नव्हतं. मी नजर खाली केली. त्यानंतर त्याने वळायचा प्रयत्न केलेला नाही, आणि मी त्याला तसं करू नकोस म्हणून सांगितलंही आहे. तो बोलत नाही. उजव्या हाताने किल्ली देतो, त्याचा उजवा दंड जाड आहे. मी त्याला दिवसभर काहीबाही सांगत असते, जिराफ, शुक्र, कापडाचे भाव, जे सुचेल ते. बोलणं थांबलं की त्याची मान हळूहळू डावीकडे झुकायला लागते.

डावीकडे भिंतीवर फोन आहे. जुना, काळा, तारेचा. मी तार उपटून बघितली, दुसऱ्या दिवशी ती जागेवर होती. अकरा वाजायला आले की त्याचा हात यंत्रावरून सुटतो आणि तिकडे जायला बघतो, कार्डावर अजून काहीतरी चुकलंय असं वाटल्यासारखा. खाली कुठेतरी दादा कात्री चालवत असेल, बडबडत असेल. आत्ता पावणेअकरा झालेत. स्टूल ओढून मी त्याच्या आणि फोनच्या मध्ये बसले आहे.